एदेल्मिराचे जोडे

१

नव्या मागाला आशीर्वाद द्यायला बिशपसाहेब दुपारी येणार होते आणि सकाळी हे असं होऊन बसलं होतं.

अमेरिकेहून आलेल्या नव्याकोऱ्या मागावरचा ताणा कोणीतरी कापून टाकला होता. एखाददुसरा दोरा तुटला असता तर गाठ मारून भागलं असतं. इथे या काठापासून त्या काठापर्यंत सगळं सूत सपासप चिरलेलं होतं आणि टोकं खाली लोंबत होती. अनानियास मिस्त्री तेलाची बुधली हातात घेऊन नुसताच उभा होता. देवळातली रविवारची मिस्सा आटोपून परतलेल्या मुली दारात गोळा झाल्या होत्या, पण एकीच्याही तोंडून शब्द फुटत नव्हता.

गिरणीचे मालक दोन लिसान्द्रो यांनी मुलींच्या वसतिगृहाच्या बाईंना बोलावून घेतलं. तिकडे मोठ्या माणसाच्या नावाआधी मानाने 'दोन' लावतात, बाईच्या नावाआधी 'दोन्या'. दोन्या हेनोवेवा आल्या तशा मालकांनी नुसतं जमिनीकडे बोट दाखवलं.

"बघा. तुमच्या लाडक्या लेकींचे प्रताप."

फरशीवर वाळलेल्या तांबड्या चिखलाचे ठसे होते. बायकी जोड्याचे, पुढे निमुळते आणि टाचेला उंच. दारापासून मागापर्यंत गेलेले आणि तसेच परतलेले. बाहेरच्या अंगणात, शनिवारी संध्याकाळच्या पावसाने भिजलेल्या मातीत, हेच ठसे वसतिगृहाच्या दारापर्यंत गेले होते. अंगणाच्या कडेने दगडी पट्टी होती, तिला अगदी लागून.

दोन्या हेनोवेवा त्या ठशांकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या. त्यांना काहीतरी खटकलं. काय खटकलं ते त्यांनी त्या वेळी कोणाला सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर स्वतःशीही कबूल केलं नाही.

साल एकोणीसशे सव्वीस. कॉफीला असा भाव आला होता की मेदेयिन शहराच्या खोऱ्यात दर थोड्या दिवसांनी एक नवं धुराडं उभं राहत होतं. कालपरवापर्यंत डोंगरावर मका सोलणाऱ्या पोरी आता भोंग्यावर उठत होत्या, विजेच्या दिव्याखाली जेवत होत्या आणि आठवड्याचा पगार स्वतःच्या हाताने घेत होत्या. घरोघरचे बाप बुचकळ्यात पडले होते, पाद्री काळजीत होते आणि मालक खुशीत होते. फक्त एक नियम जुनाच राहिला होता. मुलींनी माग खात्यात अनवाणी यायचं. एकदा का पायात जोडे आले की पोरी आरशात बघायला लागतात, असं दोन लिसान्द्रो म्हणत.

"असे टाचेचे जोडे वसतिगृहात एकीकडेच आहेत," मागून एवेलियो म्हणाला.

एवेलियो म्हणजे मालकांचा भाचा आणि माग खात्याचा मुख्य. दोन वर्षं अमेरिकेत राहून हे नवे माग शिकून आलेला, म्हणून त्याचा केवढा दबदबा. मऊ बोलायचा, रोज दाढी करायचा. आज दाढी राहिली होती.

एकीकडेच होते हे खरं. सगळेजण वसतिगृहात गेले. एदेल्मिराच्या पलंगाखाली तिचे काळे जोडे शेजारी शेजारी नीट ठेवलेले होते. नाड्या मोकळ्या, तळ चिखलाने भरलेले. पलंगाच्या वर भिंतीत एक रिकामा खिळा आणि त्याच्या बाजूला पवित्र मरियेचं चित्र.

एदेल्मिरा दारात उभी राहून बघत होती.

"दोन्या हेनोवेवा," मालक म्हणाले, "हरवलेली चमचाभर साखरसुद्धा तुम्ही शोधून काढता, अशी तुमची ख्याती. बिशपसाहेब यायच्या आत या पोरीकडून कबुली काढा. नाहीतर मी हवालदाराला बोलावतो. मग मेदेयिनचा बायकांचा तुरुंग आहे आणि ती आहे. आणि या खोऱ्यातली एकही गिरणी तिला पुन्हा दारात उभी करणार नाही, हेही सांगा तिला."

२

दोन्या हेनोवेवांनी तिला इस्त्रीच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

"बस."

"उभीच बरी आहे."

"काल संध्याकाळनंतर माग खात्यात गेली होतीस?"

"नाही."

"मुलींसमोर तू काय म्हणाली होतीस ते अख्ख्या गिरणीला ठाऊक आहे. एक दिवस जोडे घालून नव्या मागापर्यंत चालत जाईन, म्हणून."

"म्हणाले होते. पण सगळ्यांच्या देखत जाईन, असं म्हणाले होते. कोणी बघायलाच नसेल तर काय उपयोग, बाईसाहेब?"

पोरगी होती फटकळ. एरवी दोन्या हेनोवेवांनी तिला त्यावरून सुनावलं असतं. आज त्या गप्प बसल्या, कारण बोलणं बरोबर होतं.

"मग जोड्यांना चिखल कसा लागला?"

"ते तुम्हीच सांगा."

"एदेल्मिरा, नीट बोल."

"नीटच बोलतेय. काल जपमाळेच्या प्रार्थनेहून आले तर जोडे जागेवर नव्हते. मला वाटलं, तुम्हीच नेले. तुम्हीच तर म्हणाला होतात, हे मिरवणं बंद केलं नाहीस तर जोडे जप्त करीन. मग मी काय, तुमच्या दाराशी येऊन भीक मागू?" तिचा आवाज चिरकला. "रात्रभर उशीत तोंड खुपसून पडले होते. सकाळी मिस्सेला अनवाणी गेले. नव्या मागाच्या आशीर्वादाच्या दिवशी, इतक्या लोकांत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

दोन्या हेनोवेवांना आठवलं. भर जेवणघरात, सगळ्यांसमोर, आपण हे वाक्य बोललो होतो. पोरीच्या पायांकडे बोट करून बोललो होतो. आणि बाकीच्या पोरी खुदखुदल्या होत्या तेव्हा आपल्याला बरं वाटलं होतं. आता कान गरम झाले.

"मी नाही नेले," त्या म्हणाल्या.

"मग कोणी नेले?"

"जागेवर नव्हते म्हणालीस. जागा कोणती?"

एदेल्मिराने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू हा काय प्रश्न झाला. "कोणती म्हणजे? आपल्या जागेवर."

दोन्या हेनोवेवांनी पुढे विचारलं नाही. उत्तर त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या उठल्या आणि बाहेर निघून गेल्या, कारण आणखी क्षणभर थांबल्या असत्या तर ते तोंडावर दिसलं असतं.

३

अनानियास मिस्त्री बॉयलरच्या खोलीबाहेर पायरीवर बसून गुळाचं गरम पाणी पीत होता.

"या बाई. माझीही झडती घ्यायचीय ना? म्हातारा अनानियास, नवे माग आले की याची गरज संपली, म्हणून याने रागाने कापलं. लोक आत्ताच बोलायला लागलेत."

"कापलं का?"

"मी? मी कापलं असतं तर दोन्ही कापले असते."

"दोन्ही?"

अनानियास हसला. समोरचा एक दात नव्हता. "सगळ्यांना वाटतंय एकच माग उभा आहे आणि बाकीचे खोक्यात आहेत. काल दुपारी गिरणी सुटल्यावर मी आणखी एकावर ताणा चढवून ठेवला. म्हटलं, बिशपसाहेबांना जोडी दाखवू, मालक खूश होतील. कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहे. अंगाला ओरखडा नाही त्याच्या."

"कोणाला सांगितलं होतंस?"

"सांगतो कोणाला? मालक शनिवारी मेदेयिनला मेजवानीला गेले ते आज सकाळच्या गाडीने उतरले. आणि दोन एवेलियोंना काही सांगायचं म्हणजे… जाऊ दे."

"का? जाऊ दे का?"

"मोठ्या माणसांविषयी बोलू नये. पण बाई, माग येऊन इतके दिवस झाले, त्यांनी एकदा तरी चालवून दाखवावा? आज म्हणे वीज कमी आहे, उद्या म्हणे तेल दाट आहे, परवा म्हणे डोकं दुखतंय. मला हात लावू देत नाहीत. म्हणे, हे फक्त शिकलेल्याचं काम."

"माग खात्याच्या किल्ल्या कोणाकडे असतात?"

"मालकांकडे, त्यांच्याकडे आणि माझ्याकडे. माझी इथे दाराआड लटकते. पोरीने ती उचलली असेल, असं दोन एवेलियो आत्ताच सांगून गेले. कोणी न विचारता सांगून गेले."

दोन्या हेनोवेवा वळल्या आणि जागीच थबकल्या. फाटकातून डोंगरावरची एक बाई आत येत होती. डोक्यावर काळी शाल, हातात आरेपांचं, मक्याच्या भाकऱ्यांचं गाठोडं, पाय अनवाणी आणि पोटऱ्यांपर्यंत चिखल. आशीर्वादाच्या सोहळ्याला मुलींच्या घरच्यांना बोलावणं होतं. एदेल्मिराची आई लेकीचं कौतुक पाहायला डोंगर उतरून आली होती, आणि फाटकावरच्या माणसाने तिला सगळं सांगून टाकलं होतं.

दोन्या हेनोवेवांनी तिला तीस वर्षांनी पाहिलं. तरीही ओळखलं. ती रोसाना होती. डोंगरावरच्या एल रोब्लाल गावची रोसाना, शेजारच्या झोपडीतली, जिच्याबरोबर त्यांनी ओढ्यावर कपडे धुतले होते आणि शेण गोळा केलं होतं. जी त्यांना वेवा म्हणायची.

आणि गिरणीतल्या सगळ्या जगाला ठाऊक होतं की दोन्या हेनोवेवा मेदेयिनच्या जुन्या घराण्यातल्या विधवा आहेत.

४

हे घराणं कुठून आलं, ते सांगायला हवं. चौदाव्या वर्षी वेवा मेदेयिनला एका म्हाताऱ्या श्रीमंत बाईच्या घरी मोलकरीण म्हणून राहिली. त्या बाईने तिला वाचायला शिकवलं, काट्याचमच्याने जेवायला शिकवलं आणि मरताना आपले कपडे देऊन गेली. त्या कपड्यांत वेवा या गिरणीत आली. कोणी विचारलं तेव्हा म्हणाली, आमच्या घरी असं होतं, आमच्या घरी तसं होतं. एकही शब्द खोटा नव्हता, फक्त ते घर तिचं नव्हतं. घराणं आणि वैधव्य लोकांनीच तिला जोडून दिलं. पुढे गावाकडे आई वारली. तिला माती द्यायलाही ती गेली नाही. तिथे सगळे तिला वेवा म्हणून हाक मारतील आणि कोणीतरी ते इथवर घेऊन येईल, ही भीती. त्या गोष्टीची लाज तिने इतकी वर्षं पायातल्या घट्ट, बोटं आवळणाऱ्या जोड्यांसारखी बाळगली होती.

रोसाना समोर येऊन उभी राहिली. क्षणभर तिने दोन्या हेनोवेवांच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहिलं. मग रोसानाने मान खाली घातली.

"बाईसाहेब, माझ्या लेकीनं ह्ये केलं न्हाई."

ओळखलं नाही, असं वाटून दोन्या हेनोवेवांचा जीव भांड्यात पडला. आणि पडल्या पडल्या त्यांना स्वतःचीच किळस आली.

"जोडे तिचेच आहेत," त्या कोरडेपणाने म्हणाल्या. "चिखलाने भरलेले सापडले."

"चिखलानं?" रोसानाला हे पटेचना. "असं कसं व्हईल बाईसाहेब? ईस्टरला घरी आली तवा सगळी वाट छातीशी धरून आणले व्हते तिनं. पाऊस लागला तर शालीत गुंडाळले, सोता भिजली. देवळाच्या दाराशी पाय पुसले आन् मग घातले. मिस्सा झाली की काढले. चिखलात जोडे कोण घालतं, बाईसाहेब? चिखलाला पाय हायेत की."

हेच. सकाळी ठसे पाहताक्षणी दोन्या हेनोवेवांना हेच खटकलं होतं. डोंगरावरची पोर अंधारात, ओल्या मातीत, कोणाला चाहूल लागू नये असं काही करायला निघाली तर ती अनवाणीच जाईल. जोडे असतात ते देवळासाठी आणि फोटोसाठी. घरी आलं की नाड्यांची गाठ मारून ते खिळ्याला टांगायचे, शक्य तर देवाच्या चित्राशेजारी. त्यांना जमीन लागू द्यायची नाही. वसतिगृहातल्या प्रत्येक पोरीला हे माहीत होतं. म्हणूनच सकाळी सगळ्या गप्प होत्या. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. आणि दोन्या हेनोवेवाही गप्प राहिल्या होत्या. त्यांना तर विचारलं होतं.

ज्याने ते जोडे पलंगाखाली नीट मांडून ठेवले, तो जन्मापासून जोडे घालणारा होता.

"तुम्ही कचेरीच्या दाराशी थांबा," त्या रोसानाला म्हणाल्या. "मी आलेच."

एवेलियो माग खात्यात एकटाच होता. तुटलेल्या सुताची टोकं बोटांत धरून बसला होता.

"वसतिगृहाची किल्ली तुम्ही मला आज मिस्सा झाल्यावर परत दिलीत," दोन्या हेनोवेवा म्हणाल्या. "दिली होती मी काल संध्याकाळी. प्रार्थनेला निघताना. दिवे तपासायचे म्हणालात."

"विसरलो. खिशातच राहिली."

"दिवे कोणते तपासले?"

"सगळे."

"जेवणघरातला अजून पेटत नाही."

एवेलियोच्या बोटांतून सुताची टोकं सुटली. त्याने नुसतं वर पाहिलं. दोन्या हेनोवेवांना ते डोळे ओळखीचे वाटले. पकडले जाण्याची भीती नव्हती त्यात. आपण जे आहोत ते लोकांना दिसेल, ही भीती होती. रोज सकाळी केस विंचरताना आरशात त्यांना हेच डोळे दिसायचे.

त्या तिथून मुकाट्याने बाहेर पडल्या. मनात आलं, गप्प बसावं. हा पोरगा वाचेल आणि मीही वाचेन. कचेरीच्या दारापाशी हवालदार पोचलाच होता. त्याने एदेल्मिराचा दंड धरला होता आणि रोसाना त्याच्या बाहीला धरून विनवत होती.

५

"हात सोडा तिचा," दोन्या हेनोवेवा म्हणाल्या. "मालक, दोन एवेलियो आणि अनानियास, सगळे आत या. या दोघी मायलेकीही येतील."

"चिखलाच्या पायांनी?" दोन लिसान्द्रो म्हणाले.

"हो. चिखलाच्या पायांनी."

मालकांनी भुवया उंचावल्या, पण बाजूला झाले. त्यांनी दोन्या हेनोवेवांसाठी खुर्ची पुढे ओढली. रोसाना भिंतीला टेकून उभी राहिली.

"कुलूप फोडलेलं नाही," दोन्या हेनोवेवांनी सुरुवात केली. "म्हणजे आत शिरणाऱ्याकडे किल्ली होती. अनानियासची किल्ली दाराआड असते, ती कोणीही घेऊ शकतं, मान्य. पण ठसे पाहा. अंगणभर ते दगडी पट्टीच्या कडेकडेने आहेत. टाच आणि चवडा सारखेच खोल. नव्याने टाचेचे जोडे घातलेली पोर ओल्या मातीवरून चालली तर दहा वेळा घसरेल. इथे एकदाही घसरलेली नाही. कारण त्या जोड्यांत पायच नव्हते. कोणीतरी दगडावरून चालत गेलं आणि वाकून हाताने ठसे उमटवत गेलं."

"हवेतल्या गोष्टी," एवेलियो म्हणाला.

"जोडे पलंगाखाली सापडले. या मुली जोडे पलंगाखाली ठेवत नाहीत. नाड्यांची गाठ मारून खिळ्याला टांगतात, जमिनीला लागू देत नाहीत. चिखलात तर घालतच नाहीत, हातात धरतात. आपल्यापैकी कोणाला हे माहीत नाही? अनानियास, तुझ्या मुलीचे जोडे कुठे असतात?"

"खिळ्याला," अनानियास म्हणाला. "आणखी कुठे असणार?"

"मालक, तुमचे?"

"पलंगाखाली." दोन लिसान्द्रो चपापले. "पण मी तर मेदेयिनला होतो हो."

"होतात. अनानियासला खिळा माहीत होता, आणि ताडपत्रीखालचा दुसरा मागही माहीत होता. त्याला सोहळा बिघडवायचा असता तर त्याने तोही कापला असता. ज्याने कापलं त्याला दुसऱ्या मागाचा पत्ताच नव्हता. किल्ली असलेला, जोडे पलंगाखाली ठेवणारा, दुसरा माग ठाऊक नसलेला आणि काल संध्याकाळपासून आज सकाळपर्यंत वसतिगृहाची किल्ली खिशात बाळगणारा एकच माणूस आहे."

"दुसरा माग?" एवेलियोने एवढंच विचारलं.

"तयार आहे," दोन्या हेनोवेवा म्हणाल्या. "सोहळा रद्द करायची गरज नाही. बिशपसाहेब आले की तुम्ही तो चालवून दाखवा. किंवा आत्ताच दाखवा. आम्ही सगळे येतो."

एवेलियो उठला, दाराकडे दोन पावलं गेला आणि तिथेच खाली बसला. माणूस एकदम कसा लहान दिसायला लागतो, ते दोन्या हेनोवेवांनी पाहिलं.

"मला तो चालवता येत नाही, मामा," तो म्हणाला.

"काय बडबडतोस?"

"त्या शाळेत मला घेतलंच नाही. भाषाच कळत नव्हती. मी दोन वर्षं एका गोदामात खोक्यांना खिळे ठोकत होतो. घरी कळवायची लाज वाटली. परत आलो तर स्टेशनवर बँड वाजत होता, तुम्ही मला खांद्यावर घेतलंत. मग सांगणार कसं?" त्याने हाताने तोंड झाकलं. "वाटलं, आजचा दिवस टळला तर पुढे अनानियासला बघून बघून शिकेन. पोरीचं असं होईल, असं… तिने मागाविषयी म्हटलेलं कानावर होतं. विचारच केला नाही तिचा."

"केला होतास," एदेल्मिरा म्हणाली. "ठसे मोजून मापून काढलेस की."

दोन लिसान्द्रो खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. मग खाकरले. "ठीक आहे. पोरगी सुटली. एवेलियो आजच्या गाडीने किनाऱ्यावर जाईल, हवापालटासाठी. अनानियास, दुसऱ्या मागावरची ताडपत्री काढ. बिशपसाहेब त्यालाच आशीर्वाद देतील. आशीर्वाद काय, बंद मागालाही लागतो. आणि ही गोष्ट या चार भिंतींत राहील."

"नाही," दोन्या हेनोवेवा म्हणाल्या.

"काय नाही?"

"हिला सगळ्यांसमोर गुन्हेगार ठरवलं. सगळ्यांसमोरच म्हणायला हवं की ती नव्हती. भोंगा वाजवा, मुलींना गोळा करा आणि तुमच्या तोंडाने सांगा. नाहीतर मी सांगेन, बिशपसाहेब बसलेले असताना."

आपण एवढं धीटपणे बोललो याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. मालकांनी त्यांच्याकडे पाहिलं, भाच्याकडे पाहिलं आणि हात उडवले. "सांगतो. बास?"

एदेल्मिरा तिथेच रडायला लागली. सकाळपासून एक टिपूस काढलं नव्हतं तिने. रोसानाने तिला जवळ ओढलं आणि शालीच्या टोकाने तिचं नाक पुसलं, चारचौघांत, एवढ्या मोठ्या पोरीचं.

संपलं होतं सगळं. दोन्या हेनोवेवा उठायला लागल्या. तेवढ्यात दोन लिसान्द्रो, आता जरा सावरलेले, कौतुकाने हसले.

"पण काय हो, दोन्या हेनोवेवा. हे खिळ्याचं, हातात धरून चालायचं. मी या लोकांना जन्मभर कामाला ठेवतोय, मला हे ठाऊक नाही. तुमच्यासारख्या घरंदाज बाईला कसं ठाऊक?"

प्रश्न साधा होता. उत्तरही साधं होतं. कचेरीत तेव्हा सगळे खरं बोलून मोकळे झाले होते, तो पोरगाही. दोन्या हेनोवेवांनी तोंड उघडलं. मी एल रोब्लालची, एवढंच म्हणायचं होतं. समोर रोसाना उभी होती, पोटऱ्यांवरचा चिखल वाळून पांढुरका झालेला. ती त्यांच्याकडेच बघत होती, वाट बघत असल्यासारखी. मालकांचे चकचकीत डोळेही बघत होते. दोन्या हेनोवेवांना ती खुर्ची आठवली, जी मालकांनी त्यांच्यासाठी पुढे ओढली होती.

"आमच्या घरी," त्या म्हणाल्या, "एक मोलकरीण होती. डोंगरावरची. तिच्याकडून कळलं."

त्यांना वाटलं, जमीन दुभंगावी. काही दुभंगलं नाही. मालक मान डोलावत होते.

"व्हय मालक," भिंतीपासून रोसाना म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "बाईसाहेबांच्या घरी आमच्या गावची पोर व्हती कामाला. वेवा नाव तिचं. माझ्याच बरोबरीची."

दोन्या हेनोवेवांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. फाटकातून आत आल्यापासून हिला ठाऊक होतं. पहिल्या नजरेपासून. आणि तरीही ती बाईसाहेब म्हणत राहिली, लेकीच्या गळ्याशी आलं तरी म्हणत राहिली. तोंड उघडलं असतं तर तिचं काय बिघडलं असतं? उलट लेक लवकर सुटली असती कदाचित. तिने उघडलं नाही. आणि आताही ती आपल्याला उघडं पडू देत नव्हती. एखाद्या पडलेल्या बाईच्या अंगावर न बोलता पदर टाकावा, तसं करत होती. दोन्या हेनोवेवांना आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती, आपण आईला माती द्यायला गेलो नाही त्या दिवशीसुद्धा नाही.

"अरे वा," दोन लिसान्द्रो म्हणाले, "गुणाची असणार पोर. कुठे असते आता ती?"

रोसानाने मान वळवली आणि दोन्या हेनोवेवांकडे पाहिलं. उत्तर त्यांच्यावर सोडलं होतं. अजूनही वेळ गेलेली नव्हती.

"ती वारली," दोन्या हेनोवेवा म्हणाल्या. "बरीच वर्षं झाली."

रोसानाने सावकाश क्रुसाची खूण केली.

"देव तिच्या आत्म्याला शांती देवो," ती म्हणाली.

मालकांनी डोक्यावरची टोपी काढली. अनानियासनेही काढली. एदेल्मिरा डोळे पुसत आमेन म्हणाली, आणि सगळे म्हणाले म्हणून दोन्या हेनोवेवाही म्हणाल्या.